राणीच्या बागेचा वारसा

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेला नाहीं असा मुंबईकर विरळा. लहानपणीं वडिलांचें बोट धरून, पुढें मुलांना बोटाशीं धरून आणि उतारवयांत नातवंडांच्या हट्टाखातर, अशा तीन फेऱ्या बहुतेकांच्या आयुष्यांत घडतात. परंतु तेथें काय पाहिलें, असें विचारल्यास उत्तर ठरलेलें असतें : हत्ती, वाघ, माकडें; अलीकडच्या मुलांस विचारावें तर पेंग्विन. ज्या वृक्षांच्या सावलींतून ही सारी मंडळी हिंडतात, त्यांचें नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. वस्तुतः ही बाग वनस्पतींसाठीं जन्मास आली. प्राणी तेथें मागाहून आले.

या बागेची कुळकथा शिवडीस सुरू होते. पश्चिम हिंदुस्थानांतील शेतीची व बागाइताची सुधारणा व्हावी, या हेतूनें १८३० सालीं मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. परमुलखांतील उपयुक्त झाडें येथें रुजवून पाहावीं, हा तिचा एक उद्योग. शिवडीस तिला जागा मिळाली व तेथें वनस्पतींची बाग उभी राहिली. परंतु शहर वाढलें, तशी युरोपियनांच्या दफनासाठींही नवी भूमि हवी झाली, आणि शिवडीची ती जमीन त्या कामीं घेण्याचें ठरलें. आजही तेथें ख्रिस्ती दफनभूमि आहे. बागेस आपलें बिऱ्हाड हलवावें लागलें. माझगांवांतील माउंट इस्टेट नांवाची सुमारें ३३ एकरांची जागा तिच्या वांट्यास आली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ लोकांस खुलें झालें. लोकांनीं त्या साहेबी नांवाची फारशी भीड न धरतां त्यास आपलें ‘राणीची बाग’ केलें.

त्याच दिवशीं बागेच्या आवारांत एका वस्तुसंग्रहालयाचा पाया घालण्यांत आला. मुंबईचा पहिला संग्रह कोटांतील एका बराकींत होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमींत लष्करास जागा हवी म्हणून तो बाहेर काढण्यांत आला व त्यांतील पुष्कळ वस्तूंची नासाडी झाली. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट प्रभृतींनीं लोकवर्गणीचा पुरस्कार करून हें कार्य पुन्हा उभें केलें. ते दिवस भरभराटीचे होते. अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस विलायतेस पोंचेना, आणि हिंदी कापसाचा पैसा मुंबईंत लोटूं लागला. १८६५ सालीं ती यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला, आणि पेढ्या व कंपन्या धडाधड बुडाल्या. संग्रहालयाचें काम रखडलें. तें १८७२ सालीं खुलें झालें. बाग सांभाळणाऱ्या मंडळीचेंही बळ सरलें, आणि १८७३ सालीं बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. मंडळी मोडली, परंतु बाग जगली. कारण ती आतां सर्व नगराची झाली होती. १८९० सालीं आणखी सुमारें १५ एकर जमीन तींत मिळवून प्राण्यांची सोय करण्यांत आली, आणि तेव्हांपासून पाहुण्यांचें लक्ष झाडांवरून पिंजऱ्यांकडे वळलें.

आवारांतील दगडी हत्तीची कथाही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घारापुरी बेटास ज्या हत्तीवरून ‘एलिफंटा’ हें नांव पडलें, तोच हा हत्ती. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला. परंतु उचलतांना यारी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून ठेवण्यांत आले, व १९१४ सालीं सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला.

दगड सांधतां येतो. वृक्षाचें तसें नाहीं. या बागेंत दोनशेंहून अधिक जातींचे सुमारें तीन हजार वृक्ष आहेत. आफ्रिकेची गोरखचिंच आपलें पिंपासारखें खोड घेऊन येथें स्वस्थ उभी आहे. ब्रह्मदेशची उर्वशी तांबड्या फुलांचे घोस खालीं सोडते. दक्षिण अमेरिकेचा कैलासपति येथें असा रुळला आहे कीं, त्याच्या फुलांत पिंडीवर फणा धरलेला नाग पाहणाऱ्या भाविकास तो परका वाटतच नाहीं. त्यांच्या शेजारीं आपला सीतेचा अशोक व द्रोणासारख्या पानांचा कृष्णवड आहे. देशोदेशींचीं माणसें जशीं मुंबईंत येऊन मुंबईकर झालीं, तसेच हे वृक्षही.

१९६९ सालीं बागेस वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव देण्यांत आलें, आणि १९७५ सालीं संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें. २००७ सालीं बागेच्या मोठ्या फेररचनेचा बेत निघाला, तेव्हां जुन्या वृक्षांचें काय होणार, हा प्रश्न नागरिकांनीं नेटानें पुढें मांडला. त्यांच्या चिंतेस शिवडीचा इतिहास साक्षी आहे. तेव्हां बाग तरुण होती. रोपें उचलून दुसरीकडे लावतां आलीं, आणि एका पिढीच्या कष्टांत नुकसान भरून आलें. आज शंभर-सव्वाशें वर्षांच्या वृक्षास बिऱ्हाड हलवावयास सांगणें म्हणजे त्यास मरावयास सांगणेंच होय.

ज्याचें नांव ठाऊक नाहीं, तें गेल्याचें दुःखही कोणास होत नाहीं. म्हणून या बागेचें खरें रक्षण कुंपणाहून अधिक ओळखीनें होईल. नातवाचें बोट धरून वाघाकडे जाणाऱ्या आजोबांनीं वाटेंत गोरखचिंचेपाशीं क्षणभर थांबून तिचें नांव व गांव सांगितलें, तरी १८६२ सालीं लावलेल्या या बागेचें एक बीं पुढच्या पिढींत रुजलें असें म्हणतां येईल.