रामटेक झालं, नगरधन पाहिलं का?

नागपूरहून आलेला माणूस रामटेकच्या गडावर जातो, दर्शन घेतो, माकडांपासून प्रसाद वाचवत खाली उतरतो आणि दुपारच्या बसने परत. पण याच तालुक्यात एक जुनी राजधानी धानाच्या बांध्यांमध्ये पडून आहे. तिकडे गाडी सहसा वळत नाही.

ते गाव म्हणजे नगरधन, जुनं नाव नंदिवर्धन. रामटेकपासून सात-आठ किलोमीटर. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी इथून वाकाटकांचा कारभार चालायचा. राजा रुद्रसेन दुसरा लवकर वारला, मुलं लहान होती, तेव्हा राणी प्रभावतीगुप्ताने राज्य सांभाळलं. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची ती मुलगी. आज दिसतो तो किल्ला मात्र भोसल्यांच्या काळातला; दरवाजा अजून दणकट आहे.

२०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने इथे उत्खनन केलं. त्यात राणीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. अंडाकृती, वर ब्राह्मी अक्षरं आणि शंख. नांगराखाली आली असती तर ढेकूळ म्हणून फुटली असती! म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनो, वावरात नाणी, मूर्ती, कोरीव दगड निघाले तर घरी ठेवू नका, विकू तर मुळीच नका. जमिनीत दडलेली जुनी वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे.

जायचं कसं? जबलपूर हायवेने आधी मनसर लागतं. मॅंगनीजच्या खाणीचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत, पण तिथल्या हिडिंबा टेकडीवर विटांचं मोठं प्राचीन बांधकाम उघडं झालं आहे. प्रभावतीच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथली वीट आठवण म्हणून उचलू नका. मनसरहून रामटेक. गडावर राममंदिराआधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची वाकाटककालीन देवळं आहेत, तिथे थांबा. मग नगरधन, आणि ऊन उतरल्यावर खिंडसी तलाव.

मुक्काम करायचा असेल तर पेंचकडे जा. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही सफारीची गेटं, बुकिंग ऑनलाइन. पावसाळ्यात कोअर जंगल बंद असतं. वाघ दिसेलच याची हमी नाही, चांदण्या मात्र दिसतील. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा इथले रस्त्यावरचे दिवे खाली जमिनीकडे तोंड करून बसवले आहेत. वाघोली तलावाजवळ आकाश बघायची सोय आहे. हिवाळ्यात, अमावस्येच्या आसपास जा, आणि स्वेटर घ्या, तिथली थंडी नागपूरपेक्षा जास्त झोंबते.