पवित्र पाण्याचे वेगळे पात्र

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी सँ-साव्हँ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जुन्या चर्चमध्ये पवित्र पाण्याचे एक दगडी पात्र आहे. ते 'कागो' लोकांचे म्हणून ओळखले जाते. सर्वांच्या पात्रात कागोने बोटे बुडवायची नाहीत, अशी त्या मुलखाची रीत होती.

कागो धर्माने ख्रिस्ती, भाषा शेजाऱ्यांचीच, कातडीचा रंगही तोच. तरी बेआर्न, बिगोर, नव्हार या प्रदेशांत मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत त्यांची वस्ती वेगळी, चर्चचे दार वेगळे, मूठमातीची जागा वेगळी आणि लग्ने आपसातच. काही ठिकाणी अंगरख्यावर बदकाच्या पायाची लाल खूण लावावी लागे. पोटाचा धंदा मुख्यतः सुतारकीचा. १३७९ मध्ये बेआर्नचा सत्ताधीश गास्तों फेब्यूस याने मोंतानेरच्या किल्ल्याचे लाकूडकाम त्यांच्याकडूनच करवून घेतले. किल्ल्याला त्यांचे हात चालत. पाण्याला चालत नसत!

हे सारे कशासाठी? कोणी म्हणे, हे महारोग्यांचे वंशज. कोणी म्हणे गॉथांचे, कोणी पाखंड्यांचे. बायबलात शापाने महारोगी झालेल्या गेहजीचेही वंशज त्यांना ठरवले गेले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तुलूझ येथे वैद्यांनी कागोंना तपासले. रोग आढळला नाही. तरी विटाळ उरलाच. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते: आधी माणसे गावाबाहेर ठेवली गेली, कारणे मागाहून शोधली गेली. बाबासाहेबांनीही १९४८ च्या आपल्या ग्रंथात गावाबाहेरच्या वस्तीचा उगम शोधताना आयर्लंड आणि वेल्सकडे पाहिले होते.

कागो गप्प बसले नव्हते. नव्हारच्या कागोंनी पोप दहावा लिओ याच्याकडे अर्ज केला. १५१५ मध्ये त्यांना इतर श्रद्धावंतांप्रमाणेच वागवावे, असा आदेश निघाला. गावांनी तो जुमानला नाही. १७२३ मध्ये बोर्दोच्या वरिष्ठ न्यायालयाने 'कागो' म्हणून हिणवणाऱ्याला ५०० लिव्हर दंड ठरवला. म्हणजे पोपच्या आदेशानंतर २०८ वर्षांनी तीच गोष्ट न्यायालयाला पुन्हा सांगावी लागली. आदेश वरून येतो. पाण्याचे पात्र गावाच्या ताब्यात असते.

१७८९ च्या क्रांतीनंतर स्थलांतर, मिश्र विवाह आणि नाव टाकून देणे यांत हा समाज हळूहळू विरून गेला. वेगळेपण गेले, हे चांगलेच झाले. परंतु त्यांचा इतिहास आज आपण वाचतो तो कोणाच्या कागदांतून? बहुतेक मनाई करणाऱ्यांच्या, दंड लिहिणाऱ्यांच्या. कागोंच्या स्वतःच्या शब्दांत फारच थोडे उरले आहे.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्याआधीच्या पिढ्यांचेही असेच झाले. त्यांच्याविषयी लिहिले ते इतरांनी. म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : आपल्या वस्तीतले अर्ज, सभांची पत्रके, म्हाताऱ्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा. जात नष्ट व्हावी यासाठी आपण लढतो. सोसणाऱ्यांची साक्ष नष्ट व्हावी यासाठी नव्हे.