दुधाचे चीज

कष्टांचे चीज झाले, असे आपण मराठीत म्हणतो. हा 'चीज' शब्द फारसीतून आलेला. वस्तू, मोलाची वस्तू, असा त्याचा अर्थ. गवई मैफलीत जी चीज म्हणतो तीही हीच. पावाच्या दोन तुकड्यांत घालावयाचे किंवा डोशावर किसावयाचे चीज मात्र इंग्रजी भाषेतून आले आहे. या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही. तरीसुद्धा आज जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यात ते दोन्ही एकत्र येतात. ती हकीकत मुंबईच्या उपनगरांतील चीजची आहे. आणि उरलेल्या दुधाचे चीज कसे करावे, या जुन्या प्रश्नाचीही आहे.

तुमच्यापैकी कोणी मुंबईला गेलात आणि संध्याकाळी घाटकोपरच्या खाऊगल्लीत पाऊल टाकलेत, तर तव्यावरच्या डोशावर चीजचा पाऊस पडताना दिसेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड या स्टेशनांबाहेर सँडविचवाला 'चीज घालू का?' असे विचारल्याशिवाय राहत नाही. पाहणाऱ्याला वाटेल की हा परदेशी पदार्थ हल्लीच्या चैनीपायी येथे आला. पण इतिहास तसे सांगत नाही.

प्रथम चीज म्हणजे काय ते पाहू. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. ते एकत्र आले की दूध घट्ट होते व पाणी वेगळे निघते. हे तीन रीतींनी घडते. विरजण लावले की त्यातील जंतू दूध आंबवतात आणि दही लागते. ते फडक्यात टांगले की श्रीखंडाचा चक्का होतो. उकळत्या दुधात लिंबू पिळले की ते तत्काळ फाटते. ते गाळून दाबले की पनीर होते. तिसरी रीत चीजची. कोमट दुधात रेनेट नावाचे पाचक द्रव्य घालतात. ते पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. त्याने दूध न फाटता खरवसासारखे थरथरते घट्ट होते. मग ते कापावयाचे, पाणी काढावयाचे, मीठ लावून दाबावयाचे, आणि थंड जागी काही आठवडे, कधी काही महिने मुरू द्यावयाचे. आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी पहिल्या दोन रीती वर्गात दोन वाट्यांत करून दाखवाव्यात. प्रथिनांचा धडा मुले विसरणार नाहीत. खरवसाचे मात्र वेगळे आहे. चिकातील प्रथिने उष्णतेनेच घट्ट होतात, त्यांना विरजणही लागत नाही आणि रेनेटही लागत नाही.

आता प्रश्न असा की, दुधातुपाच्या या देशात चीज का रुजले नाही? दूध नासणे अशुभ, म्हणून मुद्दाम नासवावयाचे नाही, असे एक कारण नेहमी देतात. त्यात थोडे तथ्य असेल. पण तेवढ्याने भागत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच आहे. त्या ग्रंथात उकळत्या दुधात आंबट पदार्थ घालून ते फाडावे, चोथा काढून त्यात तांदळाचे पीठ मिसळावे आणि तुपात तळावे, अशी कृती आहे. म्हणजे दूध फाडणे आपल्या राजवाड्यातील आचाऱ्यांना आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

खरे कारण हवेत आणि गरजेत शोधावे लागते. युरोपातील थंड मुलखात हिवाळ्यात चारा संपे आणि गाई आटत. उन्हाळ्याचे दूध हिवाळ्यापर्यंत टिकवावयाचे तर चीज हा उपाय होता, आणि ते मुरवावयाला थंड तळघरे आयतीच होती. आपल्याकडे वैशाखात तळघरही तापते. येथे उरलेले दूध टिकवण्याचा उपाय म्हणजे तूप. कढवलेले तूप कपाटाशिवाय, बर्फाशिवाय महिनोन्महिने राहते. दुसरा उपाय खवा. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका आजही खव्यासाठी नावाजलेला आहे तो उगाच नव्हे. ज्याची गरज तुपाने व खव्याने भागली, त्याने चीजच्या वाटेला का जावे?

मग ही वाट कोणी काढली? ती मुंबईच्या तहानेने काढली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती झपाट्याने वाढली. दूध मिळे ते शहरातल्या तबेल्यांतून. तबेले गलिच्छ, दुधात पाणी, आणि म्हैस आटली की तिला पोसणे परवडत नसल्याने तिची रवानगी कसाईखान्यात होई. 1945 मध्ये मुंबई सरकारने दूध योजना सुरू केली आणि सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून, खेडा जिल्ह्यातून, दूध आणण्याचे ठरले. पुढे शहरातील म्हशींसाठी गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. 1949 मध्ये तिची स्थापना झाली व 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे 1,287 हेक्टर जमीन, बत्तीस गोठे आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरे, असा तो पसारा होता. या साऱ्या खटाटोपामागे दारा खुरोडी नावाचे कर्तबगार अधिकारी होते.

इकडे खेडा जिल्ह्यात काय घडत होते? मुंबईला दूध पोचवण्याचा मक्ता पोल्सन डेअरीकडे होता. मुंबईत दुधाला चांगला दर मिळे, पण तो म्हैस पाळणाऱ्याच्या पदरात पडत नसे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली. गावोगाव सोसायट्या काढाव्यात, आणि सरकार त्यांचे दूध घेत नसेल तर कोणालाच दूध घालू नये, असे ठरले. पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेले नाही. सरकार नमले. त्या वर्षीच्या 14 डिसेंबरला सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. पुढे 1949 मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. हाच तो पुढे 'अमूल' म्हणून घरोघरी पोचलेला संघ.

पण लढा जिंकला तरी अडचण सरली नाही. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. मुंबईचे चहाचे कप मात्र बारा महिने सारखेच. हिवाळ्यात संघाकडे येणारे सगळे दूध मुंबईला नको असे. संघाने शेतकऱ्याला काय सांगावे? आज निम्मेच आण, बाकीचे ओतून दे? तसे म्हटले असते तर तो पुन्हा दलालाच्या दारात उभा राहिला असता. म्हणून उरलेल्या दुधाची भुकटी करण्याचे ठरले. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. एच. एम. दलाया या तंत्रज्ञांनी ती करून दाखवली आणि 31 ऑक्टोबर 1955 रोजी भुकटीचा व लोण्याचा कारखाना सुरू झाला. 1960 च्या सुमारास त्याला नवी जोड मिळाली. वर्षाला 600 टन चीज व 2,500 टन बाळअन्न, तेही म्हशीच्या दुधाचे, करण्याची ती सोय होती.

चीजचे काम सोपे नव्हते. इटलीतील लोक म्हशीच्या दुधाचे मऊ, ताजे मोझरेला पूर्वीपासून करीत. पण मुरवलेल्या घट्ट चीजची सारी विद्या गाईच्या दुधावर बेतलेली होती. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, केसीन जास्त, चुना म्हणजे कॅल्शियमही जास्त. त्यामुळे ते लवकर व कडक लागते, चीज कोरडे होते आणि मुरावयाला वेळ घेते. यातून मार्ग काढून मोठ्या प्रमाणावर चीज करण्यात आणंदने यश मिळवले. ते वितळवून, पुन्हा साच्यात ओतून डब्यांत भरले की आपल्या हवेतही टिके. अंधेरीच्या सँडविचवाल्याच्या हातातील वडीची वंशावळ ही अशी आहे. मुंबईला चीज हवे होते म्हणून नव्हे, तर मुंबईला हिवाळ्याचे सारे दूध नको होते म्हणून ती वडी जन्मली. 1963 मध्ये खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला, हे योग्यच झाले.

एक शंका पुष्कळांच्या मनात असते. वासराच्या जठरातील द्रव्य घातलेले चीज शाकाहारी माणसाने खावे कसे? घाटकोपर-मुलुंडसारख्या गुजराती व जैन वस्तीत ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर विज्ञानाने दिले. एका जातीच्या बुरशीपासून तेच काम करणारे द्रव्य मिळते, आणि आपल्याकडचे बहुतेक चीज आज त्यावरच होते. वेष्टनावर हिरवा ठिपका पाहावा म्हणजे झाले.

आता नवे काय चाखावे, हेही सांगतो. कारण चीज म्हणजे पिवळी वडी, एवढेच समजणे म्हणजे आंबा म्हणजे फक्त तोतापुरी असे समजण्यासारखे आहे. आधी घराजवळचे पाहा. अंधेरीची सालसेट कॉलनी किंवा जोगेश्वरीची माल्कम बाग येथे पारशी वस्ती आहे. कोणी पारशी स्नेही असतील तर त्यांना 'टोपली ना पनीर'बद्दल विचारा. लहान टोपल्यांत घातलेले, निवळीत ठेवलेले, जिभेवर विरघळणारे हे खारट पनीर लिंबू पिळून होत नाही. ते रेनेटचे, म्हणजे चीजच्याच कुळातले आहे. बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहतीचे नाव लावणारे धुरकट बंडेल मिळते. जम्मूकडची कलाडी तव्यावर परतून खातात. सिक्कीम-दार्जिलिंगची छुरपी तर इतकी टणक असते की तासभर चघळावी. आपल्या पुणे जिल्ह्यात मंचरला गाईच्या दुधाचे चीज मोठ्या प्रमाणावर होते. आणि खुद्द मुंबईत एलेफ्थेरिया नावाच्या लहानशा कारखान्याच्या 'ब्रुनोस्ट'ला 2021 मध्ये स्पेनमधील जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. हे ब्रुनोस्ट मूळ नॉर्वेचे. चीज काढल्यावर उरलेली निवळी सायीसकट आटवून, तपकिरी होईपर्यंत ढवळून ते करतात. खवा भाजणाऱ्या आपल्या माणसाला ही कृती परकी वाटू नये.

चाखताना सौम्याकडून उग्राकडे जावे. कपाटातून काढून अर्धा तास बाहेर ठेवावे, म्हणजे वास खुलतो. एकदम मोठा तुकडा आणू नये. एक आवडले नाही तर दुसरे पाहावे. भाकरीबरोबरही खाऊन पाहावे. कोणी हसणार नाही. मात्र वेष्टन वाचण्यास चुकू नये. चीजसारखे दिसणारे, पण दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेले पदार्थ बाजारात आहेत. स्वस्त पडतात म्हणून ते खपतात. तेवढ्या प्रमाणात कोणा शेतकऱ्याचे दूध न विकता राहते.

हे सांगण्याचे कारण आहे. 2018 च्या जुलै महिन्यात आपल्या महाराष्ट्रात दुधाला भाव नाही म्हणून आंदोलन झाले. शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतले. ते दृश्य पाहून पुष्कळांचा जीव हळहळला. त्याच्या बहात्तर वर्षे आधी खेड्याच्या शेतकऱ्यांपुढे असाच भावाचा प्रश्न होता, आणि पुढे संघापुढे उरलेल्या दुधाचाही. चीजच्या वडीने दूधवाल्याचे सगळे दुःख सरेल, असे मी म्हणत नाही. चीज करावयाला भांडवल लागते, शीतगृह लागते, महिनोन्महिने मुरू देण्याइतका दम लागतो, आणि मुख्य म्हणजे घेणारा लागतो. यातले भांडवल आणि शीतगृह एकट्या शेतकऱ्याच्या हातचे नाही. ते आणंदला सोसायटीमुळे उभे राहिले. घेणारा होणे मात्र आपल्या हाती आहे.

पुढच्या वेळी स्टेशनाबाहेर कोणी 'चीज घालू का?' असे विचारील, तेव्हा अवश्य 'घाला' म्हणा. फक्त त्याला एवढे विचारा, की हे दुधाचेच आहे ना?