बायणा : एका वस्तीचे नियमन

आपल्या हरमलच्या किनाऱ्याविषयी आपण मोकळेपणी बोलतो. वास्कोच्या बायणा किनाऱ्याचे नाव मात्र हलक्या आवाजात घेत आलो. मुरगाव बंदराच्या आश्रयाने तेथे वेश्यावस्ती वाढली. आंध्र-कर्नाटकातून आलेल्या स्त्रिया तेथे लेकरांसह राहत.

अशा वस्त्यांचे नियमन म्हणजे कोणाचे नियमन? ब्रिटिशांच्या १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने मुंबईत स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नव्हे. १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. दृष्टी तीच राहिली, असे मला वाटते.

जून २००४ मध्ये, ऐन पावसात, बायणा येथील घरे पाडली गेली. व्यवसाय थांबला नाही, विखुरला. आरोग्यसेवकांच्या ओळखीचे पत्ते तेवढे पुसले गेले.