वकीलसाहेब, दोन शब्द बोला : गाजलेले खटले, वर्तमानपत्रं आणि बचावाचा वकील



आजचा विषय आपण कोर्टाच्या पायऱ्यांवरून सुरू करू. गाजलेल्या खटल्याची तारीख असते. वकील बाहेर येतात आणि पाच-सहा माइक पुढे येतात, ‘वकीलसाहेब, दोन शब्द बोला.’ सरकारी वकील बोलले की लोक माना डोलवतात. आरोपीचा वकील बोलायला लागला की मागून आवाज येतो, ‘खुन्याची बाजू घेता?’ हा प्रश्न मला कोर्टातच विचारला जातो असं नाही. लग्नाच्या पंगतीत नातेवाईकही विचारतात. (हशा)

तर बचावाच्या वकिलानं बोलावं का, आणि बोलावं तर किती? याचं उत्तर मी महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांतून शोधणार आहे. एकात वर्तमानपत्र आरोपीच्या बाजूनं उभं होतं. दुसऱ्यात सगळा देश आरोपीच्या विरोधात होता.

पहिला खटला नानावटींचा. साल १९५९. तेव्हा आपलं जालना औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होतं. जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. पत्नीनं आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिली होती. खटला सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे, नऊ जणांच्या ज्युरीसमोर चालला. बचावाला कार्ल खंडालावाला.

‘ब्लिट्झ’ हे रूसी करंजियांचं साप्ताहिक नानावटींच्या मागे उभं राहिलं. देशसेवा करणारा अधिकारी, घराची अब्रू, त्याला फसवणारा श्रीमंत माणूस, अशी ती मांडणी. अंक हातोहात खपले. कोर्टाबाहेर गर्दी उसळायची, आणि ती गर्दी आरोपीच्या बाजूची असायची.

आता इथं एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. वर्तमानपत्र सांगत होतं की, अब्रूवर घाला आला म्हणून नवऱ्यानं गोळी झाडली. कोर्टात खंडालावालांचा बचाव काय होता? तो होता अपघाताचा. दोघांची झटापट झाली आणि रिव्हॉल्व्हर उडालं. म्हणजे रस्त्यावर एक बचाव चालला होता आणि कोर्टात दुसराच. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. रागानं झाडली असेल तर तो अपघात नव्हता, आणि अपघात असेल तर अब्रूचा प्रश्न येतोच कुठं? पण लोकांनी रस्त्यावरचा बचाव डोक्यात घेतला.

ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्या वेळच्या कायद्यात, फौजदारी संहितेच्या कलम ३०७ खाली, अशा वेळी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे. त्यांनी ते पाठवलं. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाचं गणित साधं होतं. नानावटी घरातून निघाले दीडच्या सुमारास आणि गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या वेळात त्यांनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, आधी आहुजांच्या ऑफिसात आणि मग घरी गेले. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. दुसरा मुद्दा टॉवेलचा. आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते, अंगाभोवती फक्त टॉवेल. झटापट झाली असती तर तो जागेवर राहिला असता का? प्रेत पडलं तरी टॉवेल अंगावरच होता. वर्तमानपत्राच्या सगळ्या लेखांपुढे हा एक टॉवेल भारी पडला.

‘नानावटीमुळे ज्युरी बंद झाली’ असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धवट आहे. विधी आयोगानं १९५८ सालीच, म्हणजे गोळी सुटण्याच्या आधी, ज्युरी बंद करण्याची शिफारस केली होती. या खटल्यानं त्या मताला जोर दिला, एवढंच. नानावटींना १९६४ साली माफी मिळाली. पण ती राज्यपालांकडून मिळाली, कोर्टाकडून नाही. माझ्यासारख्या वकिलाला यातून एक धडा मिळतो. छापील सहानुभूतीनं ज्युरीचं मन वळलं असेलही, पण पुराव्याचं काम तिला करता आलं नाही.

आता दुसरा खटला. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचा, अजमल कसाबचा. इथं कुठलंही वर्तमानपत्र आरोपीच्या बाजूनं नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं. प्रश्न असा होता की त्याचं वकीलपत्र घेणार कोण? काही वकील संघटनांनी घेणार नाही अशी भूमिका घेतली. ३० मार्च २००९ रोजी विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी अ‍ॅडव्होकेट अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. त्यांनी स्वतःहून मागितलेलं ते काम नव्हतं, कोर्टानं सोपवलेलं होतं. त्याच रात्री त्यांच्या घरासमोर जमाव जमला, घोषणा झाल्या, दगड आले. पुढे हितसंबंधांच्या कारणावरून, एका जखमी साक्षीदाराचंही वकीलपत्र त्यांच्याकडे होतं म्हणून, कोर्टानं त्यांना दूर केलं. मग अब्बास काझमी आले, आणि त्यांच्यानंतर के. पी. पवार.

त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे आणखी दोन आरोपी होते. फहीमचे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून हत्या झाली. जेमतेम तीन महिन्यांनी, ३ मे २०१० ला, निकाल आला. कसाब दोषी, फहीम आणि सबाउद्दीन निर्दोष. ती सुटका उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकली. क्षणभर विचार करा. ‘अतिरेक्यांना वकील कशाला?’ असं आपण सगळ्यांनी म्हटलं होतं. वकील नसता तर त्या दोन माणसांचं काय झालं असतं?

याच खटल्यातली बिर्याणी तुम्हाला आठवत असेल. कसाबनं तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, अशी बातमी देशभर गाजली. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली जयपूरमध्ये स्वतःच सांगितलं की तशी मागणी झालीच नव्हती. कसाबबद्दल सहानुभूतीची लाट येतेय असं वाटलं, ती मोडायला आपण ते बोललो. त्यांचा हेतू काहीही असो, गंमत बघा. बिर्याणी आजही लोकांच्या तोंडी आहे आणि खुलासा फार थोड्यांना माहीत आहे.

मग बचावाच्या वकिलानंही तसंच उत्तर द्यावं का? नाही. आणि यात नियमांचाही भाग आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ सांगतो की, आपण चालवत असलेल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रांत मजकूर घडवून आणून किंवा फोटो छापवून वकिलानं काम मिळवू नये. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. शिवाय न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा आहेच. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बजावलं आहे की, वर्तमानपत्रांनी चालवलेला खटला हा कायद्याच्या राज्याच्या उलट आहे.

पण तोंड शिवून बसा, असा याचा अर्थ नाही. माझा पक्षकार निर्दोष आहे की नाही हे मी माइकवर सांगणार नाही. ते न्यायाधीश सांगतील. मात्र तीन गोष्टी मी जरूर सांगेन. एक, अटक आणि चार्जशीट म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. दोन, जामीन म्हणजे सुटका नव्हे. तो खटला संपेपर्यंतचा बंदोबस्त आहे. तीन, आणि पत्रकार मित्रांनो, ही तुमच्यासाठी. ‘आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली’ असा मथळा तुम्ही देता. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात कलम २५ होता, आज कलम २३ मध्ये आहे. कोर्टात जे चालत नाही, ते तुमच्या पहिल्या पानावर चालतं. मग परतूरचा किंवा मंठ्याचा कुणी मजूर तीन वर्षांनी निर्दोष सुटतो, तेव्हा ती बातमी कुठं येते? आलीच तर आतल्या पानावर, चार ओळी. तोवर त्याच्या पोरीचं लग्न मोडलेलं असतं.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. कसाबचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्याची बाजू मांडायला न्यायालयानं ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं. त्यांनी मुद्दा घेतला की, कसाबला सुरुवातीला वकील मिळाला नव्हता. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात न्यायालयानं फाशी कायम केली, त्या मुद्द्यावर कसाबला सूट दिली नाही. पण त्याच निकालात देशातल्या सगळ्या न्यायदंडाधिकाऱ्यांना बजावलं की, आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव द्यायची, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं वकील द्यायचा.

आज भोकरदनच्या किंवा अंबडच्या कोर्टात हातकडीतला कुणी अडाणी माणूस उभा राहतो आणि साहेब विचारतात, ‘वकील दिलाय का? पाहिजे का?’ त्या प्रश्नाला संविधानाच्या कलम २२ आणि ३९-अ चा आधार आहे. पण त्यात दगड झेललेल्या त्या वकिलांच्या कामाचाही वाटा आहे. पायऱ्यांवर कुणी मला विचारलं, ‘अशा माणसाचं वकीलपत्र का घेता?’ तर मी एवढंच सांगतो की, उद्या तुमच्यावर किंवा तुमच्या पोरावर पाळी आली, तर कोर्टानं तुम्हाला तो प्रश्न विचारावा म्हणून.