निऱ्यांना पडलेले टाके

गेल्या हिवाळ्यात मी घरी बसून किल्ट शिवला. हसू आलं असेल तर हसून घ्या, आमच्या घरीही सगळे हसलेच! बटण लावण्यापलीकडे ज्याला शिवणकाम येत नाही, त्याने एकदम स्कॉटलंडचा घागरा शिवायला घ्यावा (घागरा म्हटलेलं इथे एडिनबरात कुणाला आवडणार नाही, पण आईने फोनवर तोच शब्द वापरला) म्हणजे जरा अतिच. पण ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं, हाताने शिवून घेतलेल्या किल्टला काहीशे पौंड पडतात, आणि भाड्याने आणलेला घालायचा नाही असं मी उगाचच ठरवून बसलो होतो.

तर मंडळी, कामाला लागलो. हाताशी 'द आर्ट ऑफ किल्टमेकिंग' हे पुस्तक होतं. 2001 साली आलेलं. त्याच्या दोन लेखिकांपैकी एल्सी स्ट्यूमायर ग्लासगोच्या कारखान्यात हे काम शिकलेल्या, आणि दुसऱ्या बार्बरा ट्यूक्सबरी चक्क भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका. कारखान्यात एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी विद्या या दोघींनी माझ्यासारख्या नवशिक्यासाठी कागदावर उतरवली.

आजचा नेहमीचा किल्ट आठ यार्डांचा, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. मी चार यार्डांचा, बॉक्स प्लीटचा जुना प्रकार निवडला. निऱ्या कमी, म्हणजे चुकायला जागा कमी! लोकरीचं डबल पन्ह्याचं कापड दोन यार्ड आणलं, मधोमध उभं फाडलं आणि दोन तुकडे जोडून चार यार्डांची पट्टी केली. जोड एका निरीच्या आत लपवला. खाली दुमड घालायची नाही, कापडाचा मूळ काठच खाली ठेवायचा. पुढे दोन सपाट पदर एकावर एक, आणि निऱ्या सगळ्या मागे. निरी घालताना चौकडी अशी जुळवायची की मागून पाहणाऱ्याला कापड अखंडच वाटावं.

खरी परीक्षा पुढे आहे. कमरेपासून नितंबापर्यंत प्रत्येक निरी हाताने शिवायची, आणि कमरेकडे ती निमुळती होत गेली पाहिजे. माझ्या निऱ्या चौदा. प्रत्येकीत दोनच मिलिमीटर चुकलो, पण चौदांची बेरीज जवळजवळ तीन सेंटिमीटर झाली. किल्ट कमरेला बसेना! सगळं उसवलं. पुन्हा टाचण्या, पुन्हा कच्चे टाके, पुन्हा शिवण.

उसवता उसवता एक विचार डोक्यात आला आणि शिवण बाजूला ठेवून मी इतिहास वाचत बसलो. ज्या टाक्यांनी मला रडवलं, ते मुळात किल्टला नव्हतेच.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँड्सचे लोक जे वापरू लागले ते होतं एक लांबलचक कापड. गेलिक भाषेत 'फेला मोर', मोठं वस्त्र. हातमाग अरुंद, म्हणून दोन पन्हे जोडायला एक शिवण असे. बाकी शिवण नाही. निऱ्या रोज हाताने घालायच्या, वर पट्टा आवळायचा, उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा आणि रात्री तेच पांघरायचं. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. ते लोक किल्ट घालत नव्हते, नेसत होते!

पुढे या वस्त्राचा वरचा भाग गेला आणि कमरेखालचा तेवढा उरला. हे कुणी केलं? एक गोष्ट अशी की 1720 च्या दशकात ग्लेनगॅरी भागात लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाने मजुरांना काम करताना अडचण नको म्हणून ही काटछाट सुचवली. 1785 साली छापून आलेल्या एका पत्रात ही हकीकत आहे. तिच्यावरून ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने 1983 साली किल्टची बरीच खिल्ली उडवली. तुमचा प्राचीन वेष एका इंग्रज कारखानदाराचा, वगैरे. इतरांना ते मान्य नाही. नुसतं खालचं वस्त्र आधीही नेसत असावेत असं त्यांचं म्हणणं. असो. मला त्या भांडणापेक्षा पुढचा भाग जास्त लागला.

एप्रिल 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जेकोबाइट बंड चिरडलं गेलं. त्याच वर्षी संसदेने कायदा केला: हायलँडचा वेष पुरुषांनी आणि मुलांनी घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. सूट फक्त सरकारी फौजेतल्या सैनिकांना. डंकन बान मॅकिंटायर हा गेलिक कवी त्या बंडात सरकारच्याच बाजूने लढलेला, पण या कायद्याविरुद्ध त्यानेही गाणं रचलं. वेष शत्रूचा नव्हता ना, सगळ्यांचाच होता.

कायदा उठला 1782 मध्ये. मधे गेली छत्तीस वर्षं. ज्या मुलाने वडिलांना पहाटे निऱ्या घालताना पाहायचं, तो तोवर विजार घालून स्वतःच बाप झालेला. बंदी उठल्यावर सामान्य माणसं काही पुन्हा रोज किल्टकडे वळली नाहीत. तो टिकला पलटणीत आणि हौशी सरदारांकडे. आणि निऱ्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट दिसू लागतो तो याच सुमारास, अठराव्या शतकाच्या अखेरीला. सैनिकाला झटपट तयार व्हायचं असतं, आणि सरदाराला निऱ्या घालता येत असतील कशावरून?

मग आलं 1822. राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला. दीडशेहून अधिक वर्षांत ब्रिटनचा राजा तिथे फिरकला नव्हता. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने सोहळा मांडला, सगळीकडे टार्टनच टार्टन, आणि स्वतः राजा किल्टमध्ये, खाली कातडीच्या रंगाची तंग विजार! हे वाचून हसू येतं. पण त्याच्या दोन-तीन वर्षंच आधी सदरलँडमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावंच्या गावं रिकामी केली जात होती, घरं जाळली जात होती. ज्यांचा वेष, ती माणसं बेघर, आणि त्यांचा वेष राजवाड्यात.

त्या रात्री शिवण पुन्हा हातात घेतली तेव्हा मला आजी आठवली. ती नऊवारी नेसायची. आरशात न बघता, बोलता बोलता निऱ्या तिच्या बोटांतून सरसर पडायच्या. आता आपल्याकडे लग्नाकार्याला शिवलेली नऊवारी मिळते, विजारीसारखी पाय घालून चढवायची. भाचीने घातलेली पाहून मी नाक मुरडलं होतं. खोटी नऊवारी, म्हणालो होतो.

आता तसं म्हणवत नाही. नेसण्याची सवय हातातून जाते, तेव्हा निऱ्यांना टाके पडतात. कुणाच्या हातातून ती कायद्याने हिसकावलेली असते, कुणाच्या हातातून आठ-सतराच्या लोकलने. टाके म्हणजे त्या विसरण्याची खूण, हे खरं. पण विसरूनही सोडून द्यायचं नाही, असं कुणीतरी ठरवल्याची खूणही तीच.

लग्नाला गेलो. एका आजोबांनी मागून माझ्या निऱ्या निरखल्या आणि चौथ्या निरीपाशी चौकडी हुकलीय हे बरोबर दाखवलं. मग विचारलं, कुणी शिवला?

मी, म्हटलं. त्यांनी हात पुढे केला.

घरी आल्यावर आधी भाचीला फोन लावला.