देहावरील बिनतारी संवेदकजाल : काटकसरीच्या कल्पनेचा इतिहास

अमेरिकेतील माँटाना राज्यात हेलेना या गावी नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४७ च्या सुमारास हृदयाच्या विद्युत्स्पंदांचे बिनतारी प्रक्षेपण करणारे एक यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन ८५ पौंड, म्हणजे सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर बांधून वागवावे लागे. ज्या हृदयाची परीक्षा करावयाची त्यावरच एवढा भार घालणारे हे साधन आज काहीसे हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील विचार गंभीर होता. खाटेवर स्वस्थ पडलेल्या माणसाचा अल्पकाळचा हृदयालेख घेऊन त्यावरून त्याच्या दिवसभराच्या हृदयव्यापाराचे अनुमान करणे होल्टरला मान्य नव्हते. हृदयाची लय बिघडते ती जिना चढताना, संतापाच्या क्षणी, अथवा अपरात्री झोपेत. आणि रोगी वैद्यापुढे येईतो ती बहुधा पूर्ववत झालेली असते. तेव्हा नमुना न घेता अखंड काळच नोंदवावा, ही त्याची भूमिका होती.

ट्रान्झिस्टर हाती आल्यावर यंत्र पुष्कळ हलके झाले. तथापि होल्टरच्या पद्धतीला खरे व्यवहार्य रूप आले ते त्याने बिनतारी प्रक्षेपण बाजूला ठेवून अंगावरच बाळगण्याजोग्या ध्वनिफितीचा आश्रय केला तेव्हा. प्रक्षेपणाचा पल्ला मर्यादित होता, आणि रोगी जाईल तेथे ग्राहकयंत्र नेणे अशक्य होते. १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने आपली पद्धती विस्ताराने मांडली. तीत फीत मूळ वेगाच्या ६० पट वेगाने चालवून तपासण्याची सोय होती. एका तासाची नोंद एका मिनिटात डोळ्यांखालून घालता येई. काटकसरीचा पहिला प्रश्न अशा रीतीने विजेचा नव्हताच, तो वाचणाऱ्याच्या वेळाचा होता. पुढील इतिहासकथनात ही गोष्ट बहुधा सुटते. बिनतारी संवेदकजालाच्या ‘कार्यक्षमते’चा इतिहास हा विद्युत्‌घटाच्या आयुष्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो; वस्तुतः काय टाकून द्यावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, या निर्णयाचा तो इतिहास आहे.

विजेची चणचण प्रथम तीव्रतेने जाणवली ती शरीराच्या आत. १९५७ मध्ये स्टुअर्ट मॅके व बर्टिल याकोब्सन यांनी गिळता येण्याजोगी प्रक्षेपक गोळी वर्णिली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ओके सेनिंग या शस्त्रवैद्याने रूने एल्मक्विस्टने बनविलेला हृदयगतिकारक एका रोग्याच्या शरीरात बसविला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे पारा व जस्त यांचे घट आले, आणि १९७२ पासून लिथियम-आयोडीन घटांनी गतिकारकाचे आयुष्य वर्षांवर नेले. परंतु या मालिकेतील अधिक अर्थपूर्ण पाऊल घटाचे नव्हे. बारू बर्कोविट्सने १९६० नंतरच्या दशकात रचलेला ‘मागणीनुसार चालणारा’ गतिकारक हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकून तो पडला असेल तर स्वस्थ राही. त्याचा हेतू मुख्यतः सुरक्षिततेचा होता. तरी जरूर नसेल तेव्हा मौन पाळणारे यंत्र ही कल्पना येथे प्रथम शरीरात नांदू लागली.

या कल्पनेला शास्त्राचे रूप आले ते मात्र शरीरापासून दूर, पर्यावरणाच्या निरीक्षणासाठी रचलेल्या जालांत. २००२ मध्ये वेई ये, जॉन हायडमन व डेबोरा एस्ट्रिन यांनी संवेदकजालातील ऊर्जेच्या अपव्ययाची चिकित्सा केली, आणि त्यात संदेशांची टक्कर, दुसऱ्याचा संदेश फुकट ऐकणे, नियंत्रणाचे जादा संदेश व रिकामे श्रवण अशी कारणे दाखविली. यांतील शेवटचे कारण आकड्यांनी स्पष्ट होते. त्या दशकात संशोधकांच्या हाती बहुशः असलेल्या सीसी२४२० या रेडिओचिपला प्रक्षेपण करताना सुमारे १७ मिलिअँपिअर वीज लागे, तर नुसते ऐकताना सुमारे १९. म्हणजे बोलण्यापेक्षा कान टवकारून बसणेच महाग! सुमारे २२५ मिलिअँपिअर-तासांची नाण्याएवढी बॅटरी अशा अखंड श्रवणात हिशेबाने १२ तासही पुरत नाही. यास्तव रेडिओने बव्हंश काळ झोपावे आणि ठरलेल्या क्षणीच जागे व्हावे, हा नियम रूढ झाला.

देहावर ही विद्या आणताना मात्र सर्वच गोष्टी जुळत नव्हत्या. टॉमस झिमरमनने १९९६ मध्ये देहालाच संदेशवाहक बनविण्याची कल्पना मांडली होती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ग्वांग-झोंग यांग यांच्या प्रयत्नांनी पुढील दशकात देहसंवेदकजाल हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. शेतात वा रानात पसरलेल्या जालांत केंद्रे शेकड्यांनी असू शकतात, देहावर ती मोजकीच. शिवाय देह हा मुख्यतः पाण्याचा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यात शोषल्या जातात; छातीवरील संवेदकाचा संदेश पाठीवर पोचावयाचा तर तो बव्हंशी त्वचेच्या कडेने वळसा घेऊन जातो, आणि चालताना हलणारा हात तीच वाट क्षणोक्षणी अडवितो व मोकळी करितो. या विषयावरील कित्येक निबंधांत जालाचे आयुष्य वाढविणाऱ्या मार्गयोजना केवळ गणकयंत्रावरील प्रतिरूपांच्या आधारे सिद्ध केलेल्या आढळतात, आणि त्या प्रतिरूपांतील माणूस बहुधा निश्चल उभा असतो. २०१२ च्या आयईईई ८०२.१५.६ या प्रमाणकाने कामाचा भार मध्यवर्ती केंद्रावर टाकून संवेदकांना झोपेची मुभा दिली, तसेच संदेशांच्या ८ अग्रक्रम-श्रेणी ठरविल्या. तातडीच्या वैद्यकीय संदेशास त्यांत सर्वोच्च स्थान आहे. व्यवहारात मात्र त्याऐवजी अल्पऊर्जा ब्लूटूथचाच प्रसार झाला, कारण ते प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आधीच येऊन बसले होते.

यानंतर राहिला मजकुराचाच संकोच. सेकंदास २५० नमुने घेतल्यास एका दिवसात २ कोटी १६ लक्ष नमुने साठतात. ते सगळे पाठविणे परवडत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, हृदयालेखाचे संवेदकावर सूक्ष्म विश्लेषण न करता त्याचे मोजके यादृच्छिक मिश्रण पाठवावे आणि पुनर्रचनेचे श्रम ग्राहकाकडे सोपवावेत, तर तरंगिका-पद्धतीच्या तुलनेने संवेदकाचे आयुष्य सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. संकोच म्हणून तरंगिका-पद्धतीच सरस होती; लाभ झाला तो संवेदकाचे गणित हलके झाल्यामुळे. याहून पुढची पायरी म्हणजे संवेदकानेच निदान करून केवळ ‘विकृती आढळली’ एवढेच कळविणे. ऊर्जेच्या दृष्टीने याहून स्वस्त काही नाही. पण ज्या निवडीला कंटाळून होल्टरने ३८ किलो पाठीवर घेतले, ती निवड येथे पुन्हा मागल्या दाराने आत येते. आणि ध्वनिफीत पुन्हा तपासता येत असे, न पाठविलेला ठोका तपासता येत नाही.

टाकाऊ कशास म्हणावे, हे आधी ठरविता येते का? या प्रश्नावर मुंबईत पवई येथील आयआयटीतील एक काम फार बोलके आहे. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयालेखात त्याच्या हालचालीमुळे जी विकृती मिसळते, तिला सर्वत्र कचरा समजून गाळून टाकीत. तन्मय पवार, सुभाषिस चौधुरी व सिद्धार्थ दत्तगुप्त यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याच कचऱ्यावरून माणूस चालत आहे, हात हलवीत आहे की कंबरेत वळत आहे हे ओळखून दाखविले. ठोका जलद पडला तेव्हा माणूस जिन्यावर होता की खुर्चीत, हे वैद्यास कळणे किती मोलाचे, हे सांगणे नको. संवेदकातच ‘स्वच्छ’ केलेल्या आलेखातून हे ज्ञान निघाले नसते.

२०१४ मध्ये अमेरिकेत १४६ रोग्यांवर झालेल्या एका तुलनेत छातीवर १४ दिवसांपर्यंत चिकटवून ठेवावयाच्या एका पट्टीची होल्टरच्या २४ तासांच्या नोंदणीशी परीक्षा घेण्यात आली. ही पट्टी नोंदी चालू असता काहीच प्रक्षेपित करीत नव्हती. होल्टरच्या फितीप्रमाणे ती सर्व काही साठवी आणि नंतर ते वाचले जाई. एकूण काळात पट्टीने लयबिघाडाच्या ९६ घटना टिपल्या, होल्टर-पद्धतीने ६१. मात्र पहिल्या २४ तासांपुरते पाहिले, तर पट्टीच्या नोंदींत ५२ च घटना सापडल्या होत्या.